चिमण्यांनी नाकारलेला कटोरा

आमच्या बजाजनगरच्या घराच्या गॅलरीत एक काळा प्लास्टिकचा कटोरा तीन आठवडे पाणी भरून ठेवला होता, चिमण्यांसाठी. एकही चिमणी फिरकली नाही. बायको म्हणायची, "पाखरांना पण कळतं, कुणाच्या हातचं पाणी प्यावं न् कुणाच्या नाही." मी म्हणायचो, सवय नाही अजून त्यांना. खरं तर त्या कटोऱ्याला पेट्रोलचा वास येत होता, कारण तो माझ्या गाडीच्या टाकीतून निघाला होता. ही सगळी फजिती त्या कटोऱ्याची. म्हणजे, खरं बोलायचं तर, माझी.

मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दुसऱ्यानं बनवलेल्या पार्टात खोट काढणं, हेच माझं काम. केसाएवढा फरक दिसला की मी लाल खडूनं फुली मारतो आणि समोरच्याकडं असा बघतो, जणू त्यानं माझी गाय पळवली. आमच्या शेडमध्ये भिंतीवर एक पाटी आहे: जुळणी झाल्यावर टेबलावर एकही पार्ट उरला, तर लाईन थांबवा. ती पाटी मीच लावून घेतली. एवढा मी शहाणा.

तर गाडी. जुनीच घेतली होती, पण टर्बोची. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. कंपनीनं दिलेला पंखा मला पुरेना. का पुरेना, ते विचारू नका. घरापासून कारखाना सात मिनिटांवर, त्यातही निम्मा वेळ स्पीडब्रेकर. तरी मी मोठा टर्बो बसवला. आता हवा जास्त कोंबली की पेट्रोलही त्याच मापात जास्त द्यावं लागतं, नाही तर ऐन जोरात इंजिन उपाशी पडतं आणि मान टाकतं. हे मला तोंडपाठ होतं. दुसऱ्याला सांगायला. स्वतःच्या गाडीत मात्र पेट्रोलचा पंप जुनाच, नळ्या जुन्याच. पैलवानाला खुराक पाळण्यातल्या लेकराचा.

गाडीनं मान टाकली ती नेमकी दादा आत बसलेले असताना. दादा म्हणजे माझे वडील. पैठण रोडला चितेगावच्या पुढं आमची शेती, ते तिथंच राहतात. त्यांना शहरात आणत होतो आणि मनात खुमखुमी, की पोरानं काय गाडी केलीय ते दाखवावं. चितेगावजवळ एका टेम्पोला मागं टाकायला पाय दाबला. गाडी दोन ढांगा पळाली, ठसकली आणि गप्प. नेमकी कंपन्यांची शिफ्ट सुटलेली. शे-दीडशे माणूस रस्त्याच्या कडंला उभं राहून बघतंय, आणि धोतर खोचून, टोपी सावरत माझा सत्तरीचा बाप गाडी ढकलतोय. तेवढ्यात मागून मेंढरं आली. सगळा कळप आमच्या दोन्ही बाजूंनी पुढं निघून गेला. मेंढपाळ जाता जाता थांबला, गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "बाबा, मेंढरात घाला की गाडी. जाईल आपसूक त्यांच्यासंगं."

लोक हसले. दादा नाही हसले. गाडी कडंला लागल्यावर त्यांनी हात झटकले आणि एवढंच बोलले, "पायी जाईन, पर ह्या गाडीत परत पाय ठिवणार नाय." आणि ठेवला नाही. पुढं वर्षभर ते शहरात आले की एसटीनं यायचे, एसटीनं जायचे. मी स्टँडवर सोडतो म्हटलं तरी रिक्षाला हात करायचे, तो पण माझ्या गाडीशेजारी उभं राहून. काळजाला घरं पडायची माझ्या. बापाला बसवता येत नाही, ती गाडी काय चाटायचीय?

मग बहिणीच्या मुलीचा साखरपुडा निघाला, फुलंब्रीला. मी सगळ्यांसमोर बोलून बसलो, "दादा माझ्याच गाडीत येणार." दादा तिथंच बसले होते. त्यांनी सुपारी कातरली, हो म्हटलं नाही, नाय पण म्हटलं नाही. त्यांच्यात ही फार मोठी सवलत असते. हातात महिना होता.

पेट्रोलची सगळी व्यवस्था बदलायची ठरवली. मोठा पंप, इंजिनात पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर, नवा फिल्टर, पंपाला जाडजूड वायर. आमचे एक उस्ताद आहेत, पत्र्याच्या शेडमध्ये काम करतात, आवाजावरून इंजिनाची नाडी सांगतात. मागची सीट काढून, टाकीचं झाकण उघडून त्यांनी जुना पंप बाहेर काढला. तो एका काळ्या कटोऱ्यात उभा होता. नवा पंप अंगानं जाड, कटोऱ्यात बसेना.

उस्ताद म्हणाले, "साब, कानस मारके बिठा देता मैं. आधे घंटे का काम है."

"नक्को," मी म्हणालो. "तो डबा काय कामाचा? वजन नुसतं. पंप टाकीत बुडाला म्हणजे झालं."

"कंपनीवाले क्या पागल हैं, डाले सो?"

"उस्ताद, मी क्वालिटीत आहे."

उस्तादांनी हातातली कानस खाली ठेवली. "हौ, तुम बोले तो हौ," म्हणाले आणि कटोरा फडक्यानं पुसून माझ्या हातात दिला. जुळणी झाली आणि एक पार्ट हातात उरला. पाटी आठवली का? छे! मी तो कटोरा घरी नेला, धुतला आणि भूतदया दाखवायला गॅलरीत मांडला.

गाडी सरळ रस्त्याला अशी पळायला लागली, की मी एकटाच आत बसून "आयला!" म्हणून ओरडलो. वजन नको म्हणून टाकीत पेट्रोल पण तळापुरतंच ठेवायचो. फुलंब्रीचा रस्ता हर्सूलवरून, म्हणून तिकडं फेरी मारली. हर्सूलच्या लांब वळणावर गाडी ठसकली. तीच ठसक, चितेगावची. आणि बंद पडली कुठं, तर जेलच्या भिंतीपाशी. एक शिपाई आला. "कुणाला भेटायचंय?" म्हणाला. मी म्हणालो, कुणाला नाही, गाडी बंद पडलीय. तो म्हणाला, "मंगळवारी पण तुम्हीच होते ना?" होतो. मंगळवारी पण मीच होतो.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी काय नाही केलं! फिल्टर बदलला. वायर बदलली. इंजेक्टर काढून घातले. नाचता येईना, म्हणून अंगण खणून काढलं. बायकोनं लिंबू-मिरची बांधली, तिला पण मी आधी हसलो आणि मग गाठ नीट बसलीय का ते स्वतः तपासलं. सरळ चालते, वळणावर मरते. टाकी भरलेली असली तर मरत नाही, रिकामी होत आली की मरते. एवढं सगळं मी वहीत लिहून काढलं होतं. उत्तर गॅलरीत चिमण्यांची वाट बघत पडलं होतं. रोज सकाळी त्यात पाणी मीच घालत होतो.

साखरपुड्याच्या दोन दिवस आधी दादा आले. एसटीनं. खांद्यावर मेथीच्या जुड्या आणि ओल्या हरभऱ्याचं गाठोडं. चहा घेऊन गॅलरीत बसले. त्यांना रिकामं बसता येत नाही. बसल्या बसल्या तो कटोरा उचलला, वास घेतला, तोंड वाकडं केलं.

"काय रं हे?"

"चिमण्यांसाठी आहे, दादा."

"चिमण्या काय गाड्या हायेत व्हय, राकेल प्यायला?" म्हणाले आणि पाणी कुंडीत ओतून कटोरा उलटा केला. तळाला भोक होतं. दादांनी भोकाला डोळा लावला. मग बादलीतून पाणी आणवलं, कटोऱ्यात ओतलं, वर धरला. थेंब गळाला नाही. मग रिकामा कटोरा बादलीत दाबला, तर पाणी त्या भोकातून आत चढलं. परत वर उचलला. आत आलेलं पाणी आतच.

दादांचा चेहरा उजळला. "आरं, ह्याला फुटवॉल हाय की! आत येऊ देतंय, भाईर जाऊ देत नाय. कुठला हाय हा?"

मी सांगितलं. गाडीच्या टाकीतला. पंप ह्यात उभा असायचा. मी काढून टाकला. दादा माझ्याकडं बघत राहिले. अशी नजर मी रोज दुसऱ्यांना देतो, ती कशी लागते ते त्या दिवशी कळलं.

"आपल्या हिरीच्या तळाला खड्डा का घेतलाय?"

मी कटोऱ्याकडं बघितलं.

"बोल की. पाणी तळाला गेलं, की काय हुतं?"

"खड्ड्यात साठतं."

"आन् फुटवॉल कुठं आस्तो?"

"खड्ड्यात."

"मंग गाडी वळली, की टाकीतलं त्येल एका अंगाला पळतंय. मोटर वढतीय वारं. हा कटोरा म्हंजे तुझ्या टाकीचा खड्डा. त्यो तू चिमण्यांला दिला!" आणि कटोरा माझ्या मांडीवर ठेवत म्हणाले, "आडात नाय तर पोहऱ्यात कुठून, आसं म्हंत्यात. तुझ्या आडात हाय, तरी पोहऱ्यात नाय. लई शिकला बाबा."

लाज कशाची वाटली सांगू? विहिरीतला तो खड्डा मीच खांदला होता. बारावीच्या सुट्टीत, गुडघाभर चिखलात उभा राहून, पहार घेऊन आठ दिवस. दादा वरून ओरडायचे, आणखी हातभर घे. तळहाताला फोड आले होते. ते सगळं अंगावर असून डोक्यात नव्हतं.

कटोरा घेऊन तडक उस्तादांकडं गेलो. त्यांनी कटोरा हातात घेतला. कानस आधीच फडक्यात गुंडाळून वेगळी ठेवलेली होती. अर्ध्या तासात कड घासून पंप कटोऱ्यात बसवला. टेबलावर काही उरलं नाही. मग तळापुरत्या पेट्रोलवर मी हर्सूलच्या वळणावरून सहा फेऱ्या मारल्या. गाडी हूं का चूं नाही. सहाव्या फेरीला त्या शिपायानं हात केला.

आता प्रश्न एकच होता, दादा बसणार का.

इथं दादांचं एक सांगायला पाहिजे. मोटर चालू असली की दादा झोपत नाहीत. जन्मात नाही. भर दुपारी, जेवण करून डोळे पेंगत असले तरी विहिरीच्या कडंला बसून राहतात, कान आवाजाला. पाणी तुटलं की आवाज बदलतो, तेव्हा पळत जाऊन बंद केली नाही तर मोटर जळते. "मोटर चालू आन् डोळा लागला, त्यो शेतकरी नाय," असं त्यांचं म्हणणं. एसटीत पण ड्रायव्हरच्या मागं बसून इंजिन ऐकत येतात. लग्नाच्या वऱ्हाडात सगळे घोरतात, दादा टक्क जागे.

साखरपुड्याच्या सकाळी मी गाडी पुसून दारात लावली. दादा धुतलेलं धोतर, नवी टोपी घालून खाली आले. रस्त्याकडं बघितलं. रिक्षा उभी होती. बायको पुढं होऊन म्हणाली, "दादा, पुढं बसा तुम्ही."

"नाय. मोटर मागल्या सीटखाली हाय ना? मी मागं बसतो." आणि दार उघडून बसले. बसल्यावर दोन्ही तळहात सीटवर टेकवले. पंपाची बारीक गुणगुण लागली हाताला. "हळू घे," म्हणाले.

मी हळू घेतली. सगळ्या रस्त्यानं चाळीस. ज्या टर्बोसाठी घर डोक्यावर घेतलं, तो एकदा सुद्धा जागा झाला नाही. दुधाच्या कॅनवाला मोटरसायकलवर पुढं गेला. कडब्याचा ट्रॅक्टर पुढं गेला. बायको पदर तोंडाला लावून हसत होती. हर्सूलचं वळण आलं, गाडी वळली आणि काही झालं नाही. मला वाटलं आता दादा काहीतरी बोलतील. बरं झालं म्हणतील, निदान हुंकार तरी देतील. मागून आवाज नाही.

आरशात बघितलं. टोपी कपाळावर आलेली, तोंड उघडं, एक हात अजून सीटवर तसाच. दादा झोपले होते.

फुलंब्री आली. मंडपासमोर पाव्हणे उभे, बहीण हात करतेय. मी थांबलो नाही.

"अहो, मंडप मागं राहिला!" बायको म्हणाली.

"बघितला मी," म्हणालो.

मोटर चालू होती आणि माझा बाप झोपला होता. पुढच्या गावापर्यंत गेलो आणि तिथून गाडी वळवली, ती पण हळूच.