कोरीटला न पोचणारं स्टेशन

आमच्या स्टेशनवर मध्यंतरी भुताखेतांच्या अनुभवांचा कार्यक्रम चालायचा. श्रोत्यांची म्हणून वाचली जाणारी निम्मी पत्रं मीच लिहायचे, चहा पिता पिता. तेव्हा या ग्रुपवरचे अनुभव वाचून मला काय वाटत असेल ते सांगायला नकोच. आज माझाच लिहितेय... हसलात तरी चालेल, भांडायचं त्राण नाही.

मी नाशिकला एका खाजगी एफएम स्टेशनवर आरजे आहे. सोळा वर्षं झाली. दुपारी बारा ते तीन माझा शो. तीन तास खिदळायचं आणि घरी येऊन कोणाशी अवाक्षर बोलायचं नाही. माहेर कोरीटचं, नंदुरबार तालुका. आमचं स्टेशन तिकडे लागत नाही. शहर आणि भोवतालची गावं, संपलं.

मागच्या वर्षी आई गेली आणि आबांनी जेवणच टाकलं. वहिनीचे फोन यायचे, "ताई, दोन घासबी खातस नही. तुम्ही बोला ना त्यासनासंगे." बोलते म्हणायचे... आणि राहून जायचं. दिवसभर बोलून आल्यावर पुन्हा बोलणं जिवावर यायचं. स्वतःच्या बापाशी! लाज वाटते लिहिताना, पण खरं तेच आहे.

महिन्याभराने मीच घाबरत घाबरत फोन केला. वहिनी म्हणाली, "आते जेवतस ना! तुम्हीच नही का रोज एक वाजता रेडिओवर इचारतस?"

मला वाटलं, टोमणा मारतेय. मारायलाच हवा होता म्हणा.

रजा टाकली. रजेवर जाताना आम्ही सगळ्या लिंक्स — म्हणजे गाण्यांच्या मधली बडबड — आधीच रेकॉर्ड करून ठेवतो. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई लाइव्हच आहे. तशा भरून ठेवल्या आणि कोरीट गाठलं. आबा खंगले होते, पण हिंडते-फिरते होते. एक वाजत आला तसं त्यांनी ओट्यावर ताट मागवलं आणि जुना ट्रान्झिस्टर लावला. थोडी खरखर... आणि मग स्वच्छ माझा आवाज.

"आबा, जेवनात का?"

अहो, मी तिथंच बसले होते, तोंड मिटून! ऑन एअर अहिराणी बोलायची आम्हाला बंदी आहे. सोळा वर्षांत एक शब्द गेलेला नाही माझ्या तोंडून. वहिनीनेही ऐकलं, पण तिला आता त्याची सवय झाली होती. आबा रेडिओला म्हणाले, "हाव बेटा, बसनू." आणि भाकर मोडली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अंगणात जाऊन मी स्टेशनला फोन लावला. सहकारी मैत्रीण म्हणाली, "एकला जाहिराती गेल्या गं." परत आल्यावर त्या दिवसाचं अख्खं रेकॉर्डिंग ऐकलं. जाहिरातीच. भावाने ट्रान्झिस्टर नंदुरबारला दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्यात काही निघालं नाही. आमचा इंजिनिअर म्हणतो, हवेमुळे कधी कधी लांबचं स्टेशन लागतं. लागत असेल बाबा! पण जे मी बोललेच नाही ते कसं लागेल? तुमच्याकडे याचं उत्तर असेल तर लिहा. फक्त "आईचा आत्मा असेल" वगैरे नको, आवाज माझाच होता. माझाच, पण थकलेला नव्हता. इतक्या मायेनं मी आबांशी शेवटचं कधी बोलले, मला आठवत नाही.

आता मी रोज एकला गाणं लावते, स्टुडिओच्या बाहेर येते आणि आबांना फोन करते. अहिराणीतच विचारते, नीट. काल त्यांनी फोन उचलला. मी "आबा—" म्हणतेय तोच घाईघाईने म्हणाले, "मंग कर फोन. मन्ही पोर रेडिओवर बोली ऱ्हायनी."

आणि ठेवून दिला.