खापरासमोरची जागा

माझ्या मोठ्या जाऊबाईंचं मनगट मोडलं आणि, खोटं कशाला बोलू, मला त्यांचा हेवा वाटला. गेल्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली असताना त्या जिन्यावरून घसरल्या. प्लास्टर चढलं आणि आमच्या गुजरातेतल्या गोडादऱ्याच्या घरात माणसांची रीघ लागली. कुणी शहाळी आणी, कुणी नानखटाई. शेजारची गुजराती बाई रोज दारातून विचारी, "बेन, हाथ केम छे?" जाऊबाई प्लास्टर मांडीवर ठेवून तोऱ्यात बसायच्या.

मी मराठी शाळेत विज्ञान शिकवते. हाड जिवंत असतं, त्यात रक्तवाहिन्या असतात, म्हणून मोडलं तरी पेशी नवं हाड घालून ते सांधतात, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेच्या नशिबी रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यातल्या द्रवावर तिनं गुजराण करायची, हाडाला हाड घासू द्यायचं नाही, आणि झिजली की पुन्हा भरून यायचं नाही. माझ्या दोन्ही गुडघ्यांतली झिजली आहे. एक्स-रेत ती दिसतच नाही. डॉक्टरांनी हाडांमधली कमी झालेली फट तेवढी दाखवली. न दिसणाऱ्या दुखण्याला शहाळं कोण आणणार? घरात मी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

आखाजीला आमच्या खानदेशी घरात मांडे होतात. पुरण भरलेली पोळी हातांवर फिरवत मोठी करायची आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर टाकायची. खापरासमोर बसायचा मान थोरल्या सुनेचा. लग्न झाल्यापासून मी नुसतं पुरण वाटत आले. माझा हात त्यांच्यापेक्षा हलका आहे हे मला ठाऊक होतं, पण दाखवणार कधी? त्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "तू बस."

बसले. मांडा कोपरापर्यंत पसरला, कुठे फाटला नाही. "चांगलं जमनं तुले," सासूबाई म्हणाल्या. मी मुद्दाम जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांचं तोंड उतरलं होतं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

शेवटचा मांडा उतरवला आणि मला उठता येईना. गुडघे सरळच होईनात. सगळे पाहत होते. जाऊबाईच पुढे आल्या, धड हात माझ्या काखेत घालून मला उभं केलं, पदरानं माझा घाम पुसला. मग फार मायेनं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "इना गुडघा गयात. आते इले कधीच खाले बसाडानं नही."

सासूबाईंनी मान डोलावली. तेव्हापासून सगळे माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात.

जाऊबाईंचं हाड छान सांधलं. यंदा खापरासमोर त्याच बसल्या. मला शेजारी खुर्ची दिली होती. त्यांचा मांडा कडेला जाड राहतो, आणि ते माझ्याशिवाय कुणालाच दिसत नाही.