दिवा लागलेलाच होता

बेडरूम जळली ती एसीच्या सॉकेटमुळे. काजळीचा पट्टा तिथूनच वर चढलेला. आंधळ्यालाही कळलं असतं. पण विमा कंपनीच्या माणसानं विचारलं, "घरात कुठे ज्योत पेटती होती?" मी म्हटलं, "हो, देवापुढे निरांजन होतं. मी खाली खुबूस, म्हणजे इथली रोटी, आणायला गेले होते." झालं! पेटती ज्योत सोडून बाहेर गेल्यास भरपाई नाही, असं कलम होतं म्हणे. भरपाई नाही तर दुरुस्ती आमच्या डोक्यावर, आणि मग मला मुलीला घेऊन पुण्याला परतावं लागणार. ऐंशीच्या दशकात बहारीनमध्ये एका पगारात दुरुस्ती आणि तिघांचं राहणं, दोन्ही झेपणारं नव्हतं.

आमचे हे बँकेत अकाउंटंट. कुणाशी वाकडं नको, हा यांचा धर्म. म्हणाले, "अगं, दिवा विझवून गेले होते, असं सांग ना. कुणाचं काय जातं?"

"माझं जातं! तिन्हीसांजेचा दिवा मी फुंकून विझवला म्हणू? आणि देव स्वयंपाकघरात, तिथे कॅलेंडरचा कागदसुद्धा करपला नाही. नाही म्हणजे नाही."

विमा कंपन्यांवर देखरेख करणारं सरकारी खातं इथेच, राजधानीत मनामात होतं. तिथे खेटे घातले. "इंशाल्ला, बुकरा," म्हणजे उद्या. उद्या तर उद्या, मीही कुठे पळून जात होते!

शेवटी तिथल्या वयस्क साहेबांनी दोन्ही बाजूंना बोलावलं. मी स्वयंपाकघराचे फोटो पुढे ठेवले. कंपनीचा माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, यांचे मिस्टर आमच्या ऑफिसात सांगून गेलेत, दिवा विझवला होता. बाई म्हणतात, चालू होता. अशा लोकांवर विश्वास ठेवायचा कसा?"

हे माझ्या पाठीमागे जाऊन आले होते! साहेबांनी यांच्याकडे बघून विचारलं, "खरं कोणाचं?"

हे उभे राहिले. इथे खोटारडे ठरलो तर बँकेतही बभ्रा होणार, हे मला कळत होतं, यांनाही कळत होतं.

"मी खोटं बोललो," हे म्हणाले. "दिवा लागलेलाच होता. हिचं खरं आहे."

साहेबांनी पुन्हा एकदा फोटो पाहिले. "स्वयंपाकघर पाहिलंत?" त्यांनी कंपनीच्या माणसाला विचारलं. त्यानं पाहिलंच नव्हतं. "मग आग दिव्यानं लागली कशावरून? पैसे द्या. खलास."

जिना उतरताना यांच्यावर राग होताच. पण खाली आल्यावर यांचा हात धरला, भर रस्त्यात, चारचौघांत, लग्नानंतर पहिल्यांदाच.