न मारलेली लाल सोंगटी

आमचे हे न्हावी. चाळीस वर्षं दुकान चालवलं आणि रोज दुपारी दीड वाजता शटर अर्धं ओढून माझ्याशी ल्युडो खेळले. गिऱ्हाईक वाकून आत डोकावलं, तर म्हणायचे, "थांबा हो, आधी हिला गारद करतो."

यांचा खेळ म्हणजे नुसती मारामारी. चारही सोंगट्या बाहेर काढायच्या आणि माझ्यामागे लावायच्या. स्वतःची एक घरात नेतील तर शपथ! मी दोन पुढे पळवायचे, दोन मागे दबा धरून ठेवायचे. मागच्यांनी मारायचं, पुढच्यांनी पोचायचं. दहातले सहा डाव माझेच. मग "भवाने, चिकट खेळतेस," म्हणून ओरडायचे. हरलेला माणूस दुसरं काय म्हणणार!

गेल्या वर्षी मेंदूत गुठळी झाली आणि यांचा उजवा हात लुळा पडला. कात्रीचा हात. दुकान बंद झालं. तेव्हापासून मला काही वाटेनासंच झालंय. रडू नाही, राग नाही. गोळ्या देते, यांचं अंग पुसते, भांडी घासते. शेजारीण म्हणते, किती धीराची गं तू! कसला धीर नि कसलं काय.

व्यायाम शिकवायला येतात त्या बाईंनी बजावलं, "ल्युडो खेळता ना? मग फासा यांना उजव्या हातानेच टाकू द्या. आत्ता बोटं हलली तर हलली, नाहीतर कायमची आखडतील." म्हणून पलंगाशी स्टूल ओढून पुन्हा पट मांडला. हे बोटांनी फासा ढकलायचे, यांच्या सोंगट्या मी सरकवायचे. आणि मी यांना मारणं सोडलं. यांची लाल सोंगटी समोर असायची, हवं ते दान पडायचं, आणि मी मुकाट्याने दुसरीच सोंगटी पुढे न्यायचे. अकरा दिवसांत अकरा डाव हे जिंकले.

बाराव्या दिवशी हात पुढे करेनात. आठवडा तसाच गेला. बाई बोटं दाबून बघत म्हणाल्या, "आखडायला लागलीत."

"अहो, रोज जिंकताय की! आता काय बिनसलं?" मी विचारलं.

यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. "मेलेल्याला कशाला मारायचं... असंच ना?"

रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी पट मांडला आणि म्हटलं, "एक डाव खेळा, मग खुशाल रुसा."

यांनी नाइलाजाने फासा ढकलला. डाव रंगला. यांची शेवटची लाल सोंगटी घराच्या तोंडाशी आली. माझी हिरवी पाच घरं मागे होती. मला पाच पडले.

मी मारली. आणि लाल सोंगटी तिच्या कोपऱ्यात न ठेवता हात मांडीवर ठेवून बसले.

यांनी सोंगटीकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. मग उजवा हात घसटत पटावर आला. अंगठा आणि एक बोट. सोंगटी निसटली, पुन्हा धरली, पुन्हा निसटली. कपाळावर घाम आला. तिसऱ्यांदा ती उचलली गेली आणि लाल कोपऱ्यात जाऊन पडली.

"भवाने," हे म्हणाले.

मला रडू फुटलं. वर्षभराचं, भसाभसा, नाकातोंडातून. पटच दिसेना.

यांनी फासा माझ्याकडे ढकलला. "टाक ना. मारल्याचं एक दान आहे तुझं."