शाळा कशानं बंद पडेल?

मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा सोडून, आतून पाहून घेते. राजापेठेतल्या भाजीवाल्या मला लांबून पाहिलं की कपाळाला हात लावतात. लावू देत. वरून हिरवी आणि आतून सडकी जुडी किती वेळा गळ्यात मारली त्यांनी!

त्यामुळं आत्यानं परदेशी संस्थेकडं मदत मागायचं काढलं तेव्हा मी आधी विचारलं, "त्यांचा काय फायदा?" आत्याची अकोल्यात ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा, भाड्याच्या शेडात. शेड विकायला निघालं होतं आणि दिवाळीपर्यंत जागा सोडा, असं मालकानं बजावलं होतं. स्वतःच्या खोल्या झाल्या तर शाळा राहणार, नाहीतर पोरं घरी बसणार. आपल्याकडं कोणी चहा पाजला तर वर्षभर ऐकवतो आणि हे सातासमुद्रापलीकडचे फुकट देणार? कुठंतरी पाणी मुरतंय, असं मी रोज म्हणायची. पण शिकवणी घेते, इंग्रजी येतं, म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याच माथी आलं.

दर गुरुवारी आत्या अर्जासाठी म्हणून अकोल्याहून आमच्या गावी यायची. बस सकाळी पोचायची आणि ही माझ्या घरी दुपारी.

"कुठं होतीस?"

"होती गावातच."

आल्या आल्या आडवी व्हायची. मला कळून चुकलं, म्हणजे असं मला वाटलं, की ही आधी दुसऱ्या कोणाकडं जाते आणि माझं इंग्रजी तपासून घेते. फार लागलं मनाला. सख्ख्या भाचीवर विश्वास नाही! पण बोलले नाही, नुसती भांडी आपटली.

अर्जात एक प्रश्न होता : तुमचं काम कशामुळं बंद पडू शकतं? मी मराठीत वाचून दाखवला तशी आत्या ताडकन उठून बसली.

"काय बाप्पा हे! पायाचा दगड बसला नाई अन् हे मयताचं काहून पुसून राह्यले?"

"नाही म्हणायला कारण हवंय त्यांना," मी म्हणाले. "आपण हाती द्यायचंच नाही. कशानंही बंद पडणार नाही, असं लिहू."

ती पुन्हा आडवी झाली. मग म्हणाली, "हो. तसंच लिव."

पुढच्या महिन्यात संस्थेच्या दिल्लीच्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. रस्त्यावरचे हॉर्न नकोत म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या. बाई हिंदीत गोड बोलत होत्या आणि गोड बोलणाऱ्याची मला जास्तच धास्ती. शेवटी म्हणाल्या, बाकी सगळं पटलं, हे एक उत्तर पटत नाही. कशानंच बंद पडत नाही असं काम आम्ही पाहिलेलं नाही.

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे आम्ही खोटं बोलतो?"

आत्यानं माझ्या हातातून फोन घेतला.

"मॅडम, लिखो. मेरे पेट में गाठ है. अच्छी वाली नहीं है. मैं गई तो शाळा गई. बाकी काहे का डर नहीं."

मी तिच्याकडं पाहतच राहिले.  बाईंनी हळूच विचारलं, आपके बाद कौन?

आत्यानं माझ्याकडं न पाहता अंगठा माझ्या दिशेनं केला. "ये. बहुत शक्की है. किसी को पैसा खाने नहीं देगी."

बाईंनी मला विचारलं, तुम्ही तयार आहात का? मला कोणी आधी काही पुसलं नव्हतं. मीही काही पुसलं नाही. हो म्हणाले.

फोन बंद झाला तशी मी तिच्यावर ओरडलेच. "दर गुरुवारी दवाखान्यात जात होतीस?"

"मंग? अकोल्यात गेली असती तं पोराईच्या मायबापाले समजलं असतं. अन् तुले काय वाटलं, तुह्या इंग्रजीची तपासनी करायले जातो मी?"

तिला सगळं माहीत होतं. ती हसत होती आणि मी ओक्साबोक्शी रडत होते. पदरानं माझं नाक पुसत म्हणाली, "उगी राह्य. मी अजून हाय ना."

मंजुरीचं काही कळायच्या आतच, सोमवारी, मी अकोल्याची बस धरली. मला खुणांची भाषा येत नव्हती आणि शिकवायला आत्याच हवी होती.