बकारामची खबर

मुर्री गावात शालीकराम पटलेच्या जिभेला सगळे वचकून असत. मागं एकदा कोहमाऱ्याच्या ढाब्यावर एका म्हाताऱ्याचं धोतर खराब झालं, तर ह्या गड्यानं त्याला असं काही नाव चिकटवलं की बिचारा मेला तरी ते सुटलं नाही. तेरवीच्या पंगतीतही लोक त्याच नावानं हसले. आता लकव्यानं तोच शालीकराम खाटेला खिळला, आणि त्याला एकच धास्ती पडली: आपल्या संडासाची गोष्ट गावभर होईल.

बायको निर्मलाबाईचे गुडघे कामातून गेलेले, म्हणून त्याचं सगळं करायला नागरा गावची गंगा कामाला ठेवली. पहिल्या दिवसापासून तिचं वागणं त्याला खटकलं. संडासाचं भांडं द्यायची वेळ झाली की ही सगळ्यांना बाहेर काढी, दार लोटी, टीव्ही मोठा करी. "आता कुशीवर घेतो बरं, काकाजी," असं आधी सांगून, अंगावरची चादर न काढता खालून भांडं सरकवी आणि भिंतीकडं तोंड करून उभी राही. नंतर भांडं झाकून, वर दोन कपडे टाकून, धुणं नेल्यासारखी अंगणातून नेई. एवढी लपवाछपवी कायले? बाहेर फोनवर कोणाला सांगितलं तर आत ऐकू येऊ नये, म्हणून तर टीव्ही नाही? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. जन्मभर कंड्या पिकवलेल्या माणसाला गप्प राहणारं माणूस कळावं तरी कसं.

त्यानं उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही, म्हणजे तिला बोलवायलाच नको. आठवडाभरात ओठ फुटले, लघवीला आग व्हायला लागली, ताप चढला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पाणी पोटात गेलं नाही तर किडनी हातची जाईल. निर्मलाबाई रडली. हा ओठ मिटून पडलेला.

मध्येच त्यानं गंगाची परीक्षाही घेतली. ती रोज सकाळी आधी बकाराम बिसेनकडे जाई. बकाराम म्हणजे पानठेल्यावरचा त्याचा जुना जोडीदार. खुब्याचं हाड मोडून पडला होता. निर्मलाबाई परवाच ऑटोनं जाऊन भेटून आली, तेव्हा दोघांनी धरल्याशिवाय त्याला कूससुद्धा बदलता येत नव्हती.

"बकाराम कसा हाय?" शालीकरामनं गोडीत विचारलं.

"बरे हायेत."

"खाटेवरच करते का?"

"टॉवेल कुठं ठेवला, काकाजी?"

"मले सांगितलं त काय होते?"

गंगा टॉवेल शोधत राहिली. लई पोचलेली बाई, असं त्यानं ठरवून टाकलं. इथं तिथलं सांगत नाही, म्हणजे तिथं नक्की इथलं सांगत असेल.

मग एका दुपारी तो भांड्यावर असतानाच उशापाशी फोन वाजला. सवयीनं त्यानं उचलला. बकाराम. त्याचा आवाज एवढा मोठा की खोलीभर ऐकू यावा.

"काऊन रे शालीक, पडूनच हायेस म्हणते लोकं?"

"तू कसा?"

"मी ठणठणीत. काठी घेतो अन् आपल्या पायानं संडासात जातो. आज सकाळीच जाऊन आलो. बाई येते, ते फकस्त मालिश करते."

शालीकरामला हसू फुटणारच होतं. त्यानं गंगाकडे पाहिलं. आज सकाळी बकारामचं भांडं हिनंच उचललं असणार. हिच्या ओठाचा कोपरा जरी हलला असता तरी त्याला कळलं असतं. असल्या खुणा ओळखण्यात त्याचा जन्म गेला होता. गंगा चादरीचं टोक सारखं करत होती. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. बकाराम बिनधास्त खोटं बोलत होता, कारण ते पचणार याची त्याला खात्री होती. म्हणजे इथलंही तिथं जात नव्हतं. इतकं बरं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"अन् तुझं कोण करते?" बकारामनं विचारलं.

"मी बी जातो ना," भांड्यावर पडल्या पडल्या शालीकराम म्हणाला. "आपल्याच पायानं."

फोन ठेवल्यावर गंगाच्या नजरेला नजर द्यायचं त्यानं टाळलं.

"पाणी दे," म्हणाला. "गिलास भरून."