जाड की पातळ

चीनमधल्या तिखटखाऊ हूनानची बाई आणि मिरची खात नाही, हे तुंगमेईच्या माहेरी अजून कुणाच्या पचनी पडलेलं नाही. दर नववर्षाला आई तिच्यापुढे नुसती वाफवलेली भाजी आदळते आणि म्हणते, "घ्या, शहरातल्या पाहुण्या आल्या!" पण तुंगमेईची जीभ आता तिची राहिलेलीच नाही. शेन्झेनच्या शाचिंग भागात ई-सिगारेटचं द्रव बनवणाऱ्या कारखान्यात ती दिवसभर झुरके घेऊन चव पारखते. तिखटाने जीभ बोथट होते, म्हणून मिरची सुटली ती सुटलीच.

मिरचीचं दुःख तिने गिळलं. पण घशाचं काय? या द्रवाचा पाया दोन तऱ्हेचा. जाड पाया गोडसर, घशाला मऊ. पातळ पाया चव खुलवतो, पण तिच्या घशाने त्याच्याशी असं वैर धरलं की एका झुरक्यात ठसका आणि मानेवर चट्टे. बोलायची सोय नव्हती. बाहेरगावच्यांना नियमच असा, की कारखाना तिचा विमा भरतो तोवरच मुलीला शहरातली शाळा. नोकरी गेली की पोरगी गावी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

म्हणून परदेशी ऑर्डरसाठी दोन्ही बाटल्या समोर आल्या, तेव्हा तिने आधीच मनाशी ठरवलं होतं.

"जाड घ्या, साहेब. लोण्यासारखं उतरतं."

कारखान्याच्या ख्वांग साहेबांनी जाड द्रव भरलेलं ई-सिगारेटचं यंत्र स्वतःच ओठांना लावलं. यंत्र चिमुकलं, त्याच्या आतल्या तापणाऱ्या कापसात जाड द्रव चढेना. दोन-तीन झुरक्यांत कापूस करपला आणि साहेब थुंकत सुटले.

"काय हे, तुंगमेईताई! आमच्या म्हातारीलाही कळलं असतं!"

"मलाही कळलं होतं, साहेब." तिने कॉलर खाली ओढून चट्टे दाखवले. "पातळ मला सोसत नाही. पॅकिंगला बसवा, झाडू द्या हातात, पण यातून काढा."

आता हाकलणार, असं तिला वाटलं. साहेब हसले.

"अहो, मला काय दिसत नाही? बाकीचे सगळे 'छान, छान' करतात. तुम्ही खोकलात की मला कळतं, हा माल गिऱ्हाईक परत पाठवणार. जीभ काय, कुणाचीही मिळेल. असा घसा मी कुठून आणू?"

असलं कौतुक वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. साहेबांनी दुसरं यंत्र तिच्या हातात दिलं. "घ्या. यात पातळ थोडं कमी केलंय."

मुलीची शाळा सुटायची वेळ झाली होती. तुंगमेईने झुरका घेतला. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

साहेबांनी समाधानाने मान हलवली. "वा! अजून थोडं कमी करू."